तेजिंदर कौरचा चौकातला फोटो

…आणि श्यामला, तुला वाटत असेल तेजिंदर कौर म्हणजे कुणी पंजाबातली बाई. नाही गं माय, आपल्या नांदेडचीच. गुरुद्वाऱ्यामागच्या गल्लीत जन्मली. शिखाची लेक, पण मराठी बोलायला लागली की कुणाला खरं वाटत नाही. भाजीवाल्याशी भांडण मराठीत आणि देवाशी बोलणं पंजाबीत, असं तिचं. आता इथं परदेशात, फ्लॅट बुश म्हणतात त्या वस्तीत आमच्या समोरच तिच्या लेकाचं, रमिंदरचं घर आहे. मी सांगते नि आमची नात ओवी लिहून घेते. ओवी, सगळं लिही हं, काही गाळू नको.

तेजिंदरला अक्षर येत नाही, पण रोटी बघावी तिची. आईनं लहानपणीच शिकवलं होतं, लंगरची रोटी करताना खाणारा कोण आहे ते विचारायचं नाही. विचारलं की ती रोटी बाटली. सहासष्ट वर्षांची झाली, पण तिनं कधी विचारलं नाही. तिथंच घात झाला बघ.

जून महिना होता, इथं तेव्हा थंडी असते. गुरुद्वाऱ्यात येणारा परगट नावाचा एक ट्रकवाला दारात आला. "बीबीजी, रविवारी शहरातल्या चौकात लंगर लावतोय. तीनशे रोट्या होतील?"

"किती वाजता पायजेत?" तेजिंदर म्हणाली. झालं! कशासाठी, ते नाही विचारलं.

पहाटेपासून गॅरेजात तवा पेटला. रोट्या धडप्यात गुंडाळून चिली बिनमधे भरल्या. चिली बिन म्हणजे इथले लोक समुद्रावर जाताना थंड बाटल्या नेतात ना, तो डबा. ही त्यात गरम रोट्या नेते. रमिंदर विमानतळावर ड्यूटीला गेला होता, त्याला पत्ताच नाही.

चौकात बघते तर ही लांब रांग आणि जिकडं तिकडं पिवळे झेंडे. तिला वाटलं रांग जेवायची आहे. ती होती मत द्यायची. पंजाबचा वेगळा देश करायचा का, म्हणून मतं घेत होते. सरकारी नाही, त्यांची त्यांचीच. तेजिंदर रांगेत उभी राहिली नाही, कागदाला हात लावला नाही. वाढत होती. वाऱ्यानं तिची ओढणी उडवली आणि डोकं उघडं पडलं, म्हणून एका पोरीनं लगेच पिवळा रुमाल बांधून दिला. तेजिंदर हसली, "जीती रह पुत्तर." तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला. दोन्ही हातांत रोट्या, डोक्यावर पिवळा रुमाल, मागं झेंडा.

दुसऱ्या दिवशी तो फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर. रमिंदर संध्याकाळी आला तो बूटसुद्धा न काढता आत.

"मम्मी, हे काय करून ठेवलंस?"

"काय? रोट्या वाढल्या."

"खाली लिहिलंय वाच… तुला कुठं वाचता येतं! लिहिलंय, ही म्हातारीसुद्धा वेगळ्या देशासाठी उभी आहे."

"मी कुठं उभी? माझे तर पाय दुखत होते, मी अर्धा वेळ खुर्चीवर होते."

तेजिंदरची नात सोफ्यावरून म्हणाली, "दादी, चिल. इट्स जस्ट अ फोटो."

रमिंदर खेकसला, "जस्ट अ फोटो? हिचा पासपोर्ट नवा करायला टाकायचाय!"

तेव्हा कुठं तेजिंदर खाली बसली. तिचा पासपोर्ट अजून भारताचाच, आणि तो संपत आलेला. नांदेडला तिची मोठी बहीण ज्ञान कौर आहे, आठवड्यातून दोनदा तिचं रक्त मशीनवर धुतात. तिनं सांगितलं होतं, "दसऱ्याला ये. पुढच्या दसऱ्याचं मी सांगत नाही." आईबाप गेल्यावर त्या बहिणीनंच हिला वाढवलं, हिचं लग्न लावलं.

कागद जुलैत गेले. तीन आठवडे सांगितले होते. चार झाले, सहा झाले. रमिंदर रोज कॉम्प्युटरवर बघायचा आणि मान हलवायचा. चौकशी चालू आहे, एवढंच यायचं. कशाची चौकशी, ते कुणी सांगेना. फोटोमुळं की उगीच उशीर, देवच जाणे. माहीत नसण्याचीच भीती जास्त गं.

आणि तिची भीती आजची नाही. चौऱ्याऐंशी साली दिल्लीकडं शिखांना मारत होते, तेव्हा तिचा नवरा ट्रक घेऊन तिकडंच होता. एका ढाबेवाल्यानं त्याला मागच्या खोलीत नेलं, कात्रीनं केस कापले, दाढी उतरवली, म्हणून जीव वाचला. आठ दिवसांनी तो नांदेडला दारात उभा. तेजिंदरनं दार उघडलं आणि विचारलं, "कोण पायजे?" स्वतःच्या नवऱ्याला! नंतर तो महिनाभर डोक्यावर टॉवेल घेऊन घरात बसला. म्हणून त्या झेंडेवाल्या पोरांचा राग तिला कळतो. पण त्या फोटोनंतर गर्दी आणि झेंडा दिसला की ती वाट बदलते.

ऑगस्टमधे गल्लीत एक पांढरी व्हॅन तीन दिवस रोज उभी राहिली. आत एक माणूस, वहीत काहीतरी लिहीत. तेजिंदरनं पडदे ओढले, कपडे वाळत टाकायला मागं जाईना. नवऱ्याचा फोटोसुद्धा भिंतीवरून काढून गादीखाली ठेवला. चौथ्या दिवशी त्या माणसानं दार वाजवलं. ही न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसली. नातीनं दार उघडलं. "किया ओरा," त्यानं इथला नमस्कार घातला, "पाण्याचा मीटर बघायचाय." नात हसून हसून लोळली. तेजिंदर मात्र तासभर बाहेर आली नाही.

एकदा परगट भेटायला आला. तेजिंदरनं उंबऱ्यातच सांगितलं, "माझा फोटो पुसून टाक रे."

"बीबीजी, तुमच्यासारख्यांवर जे झालं, त्याच्यासाठीच तर हे सगळं."

"माझ्यावर झालं ते मी बघीन. मला बहिणीकडं जायचंय. पुसतोस का?"

त्यानं मान खाली घातली. "माझ्याकडचा पुसला. बाकी कुठं कुठं गेलाय, ते माझ्या हातात नाही." आणि चहा न घेता गेला.

दसरा आला नि गेला. नांदेडहून भाच्यानं, ज्ञान कौरच्या लेकानं, निरोप दिला, तो शाळेत मास्तर आहे. "मावशी, फोनवर त्या विषयाचं अक्षर काढू नका. माझी नोकरी आहे." मंग काय! ज्ञान कौरचा फोन आला, "का नाही आलीस?" तर ही म्हणाली, "गुडघा दुखतो गं."

"गुडघ्यानं विमान चालवायचं होतं का तुला?" ज्ञान कौर कडाडली. "यायचं नसेल तर तोंडानं सांग." आणि फोन आपटला. त्याला बारा दिवस झाले. आता ती फोनच घेत नाही. तेजिंदर रोज लावते, वाजून वाजून बंद होतो. काल म्हणाली, "पासपोर्ट कधीतरी येईल. पण ती अशीच रुसून गेली तर?" 

म्हणून श्यामला, हा कागद माझ्या सुनेजवळ, दीप्तीजवळ देते, ती दिवाळीला तिकडं येतेय. तू स्वतः ज्ञान कौरकडं जा. भाचा शाळेत गेलेला असेल, असं बघून सकाळी जा. तिला कमी ऐकू येतं, जवळ बस आणि कानाशी बोल. सांग, तुझ्या बहिणीच्या गुडघ्याला काही झालेलं नाही, तिचे कागद अडकलेत. फोटो कसा निघाला तेही सांग, ती लंगरवालीच आहे, तिला कळेल. आणि म्हणावं, फोन उचल, काही बोलू नकोस हवं तर, नुसता उचल. एवढं सांगशील ना, माय?