ऑइलमध्ये उतरणारं पाणी

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की चेष्टा करून उठून जाणारा मी माणूस. आयुष्य इंजिनात गेलं. बिघाड आहे म्हणजे कारण असणारच, एवढंच मला ठाऊक. तरी हे लिहितोय... कारण एक बिघाड मला अजून सापडलेला नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. आमची लढाईच्या आधीची जुनी विलायती मोटर होती. चाकण ते खेड — म्हणजे आताचं राजगुरुनगर — सवाऱ्या न्यायचो. चालवायचा माझा थोरला भाऊ, दादा, दुरुस्ती माझ्याकडे. त्या उन्हाळ्यात दादाच्या छातीत पाणी झालं, त्याला औंधच्या दवाखान्यात ठेवलं. त्याच आठवड्यात मोटरची ऑइल बघायची पट्टी ओढली, तर तेल ताकासारखं पांढरं! रेडिएटरचं पाणी ऑइलमध्ये उतरत होतं.

इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवून त्याखालचं गॅस्केट नवं घातलं. चार दिवसांत पुन्हा ताक. मग चिंचवडहून रामभाऊ मिस्त्रींना आणलं. त्यांनी इंजिनाच्या ब्लॉकला रॉकेल लावलं, तो कोरडा पुसला, वरून खडू फासला — चीर असेल तिथे रॉकेल पाझरून खडू ओला होतो. कुठेच झाला नाही.

"चीर न्हाई, हेड सरळ हाय. मग पानी जातंय कुठनं राव?" मिस्त्री कपाळाला हात लावून बसले.

मला एक गोष्ट दिसत होती, पण बोलायची लाज वाटायची. डॉक्टरांनी दादाच्या छातीतलं पाणी काढलं की ऑइल स्वच्छ राहायचं. त्याचा दम वाढला की पट्टी पांढरी. एकदा योगायोग म्हणालो. पुन्हा पुन्हा तेच झालं तेव्हा पट्टी ओढायची भीती वाटायला लागली. शेवटी राहवेना, वहिनीला सांगून टाकलं.

ती रडली नाही. "मंग मोटरची गळती बंद करा, भावजी. डाक्टर त्यांचं बघतील, तुमी तुमचं बघा."

तेव्हा बारीक गळतीवर ड्रायव्हर लोक रेडिएटरमध्ये हळद टाकायचे. ती चिरेत जाऊन बसते. घरातला डबा रिकामा होता. वहिनी उठली आणि स्वतःचा हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आली. सवाष्णीने करंडा असा रिता करू नये म्हणतात. आई "अगं, नको" म्हणत राहिली.

"ते ऱ्हायले तर भरंल की पुन्यांदा," म्हणत वहिनीने सगळी हळद माझ्या ओंजळीत ओतली.

हळद टाकली, ऑइल बदललं, मोटर खेडपर्यंत पळवून आणली. पट्टी ओढली — तेल स्वच्छ! मी ओरडलोच. वहिनीला घेऊन थेट औंध गाठलं. वाटेत कित्येक दिवसांनी ती हसली.

दादा थोड्याच वेळापूर्वी गेला होता.

मोटर पुढे बरीच वर्षं चालली. ऑइलमध्ये पाण्याचा थेंब नाही. मला तिचा इतका राग यायचा की काय सांगू! एकदा सगळं इंजिन खोलून पाहिलं. चीर नव्हतीच. मग पाणी कुठून उतरलं, हळद कशात जाऊन बसली?

वहिनी म्हातारी होईपर्यंत विचारायची, "भावजी, मी हळद दिली नसती तर?"

"हळदीनं कुठं माणूस जातो का, वहिनी?" मी दरवेळी म्हणायचो. ती मान हलवायची, आणि मी तिच्याकडे बघायचं टाळायचो.