बारीक आवाजाची जागा

बैलगाडीचं चाक घ्यावं तर पनवेलच्या काशिराम सुताराकडून, असं पार आपटा गावापर्यंत लोक म्हणत. चाक तयार झालं की तो एकेका आऱ्यावर हातोडीने टिचकी मारी. घट्ट बसलेला आरा बारीक, टणटणीत वाजे. सैल असला तर नुसता ठप्प. एकोणीसशे सत्तावन्न सालापासून त्याला सगळेच आरे ठप्प वाटू लागले. आता माणसाने कान दाखवावेत की नाही? पण हा नावं ठेवी बाभळीला. "हल्लीच्या लाकडात दमच नाही." वर पनवेलचे डास कमी झालेत, असंही सांगे. अंगावरचे फोड खाजवत सांगे, हे विशेष.

मग आपट्याच्या काळूरामच्या गाडीचे दोन आरे वाटेत निखळले आणि भाताची पोती ओढ्यात गेली.

"काशिरामदादा, ह्यं चाक हाय का पापड?"

काशिरामने दुसरं चाक कबूल केलं खरं, पण ते पारखायचं कसं? बायको दमयंतीने त्याला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी लहानमोठे पोलादी नादकाटे वाजवून कानाशी धरले. जाड आवाज आला, बारीक आलाच नाही.

"घणाच्या दणक्यांनी कानाचा आतला भाग झिजलाय," डॉक्टर म्हणाले. "मेंदूत आवाजांची ओळ असते. जाड एका टोकाला, बारीक दुसऱ्या, प्रत्येकाची जागा ठरलेली. शास्त्रज्ञांनी मांजरांत पाहिलंय, माणसाचंही तसंच म्हणतात. तुमच्या बारीक टोकाला आता निरोपच पोचत नाही."

"म्हणजे जागा रिकामी," दमयंती म्हणाली. "भाड्याने देऊ या."

काशिराम हसला नाही. नवं चाक झालं तेव्हा सवयीने टिचक्या मारत बसला. चुलीकडून आवाज आला, "अहो, चौथा सैल आहे."

"तुला काय कळतं?"

"वीस वर्षं भाकरी थापताना हेच ऐकतेय. काळूरामच्या चाकाचे दोन आरेही असेच बद्द वाजले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मान डोलावलीत. म्हटलं, यांना जास्त कळतं."

काशिरामने चौथा आरा हाताने हलवून पाहिला; खरंच सैल. हिला कोणी शिकवलं नव्हतं, तरी हिच्या डोक्यात एकेक आवाज आपापल्या जागी जाऊन बसला होता. आणि तो इतकी वर्षं समजत होता, कसब फक्त आपल्या हाताचं.

काळूराम चाक न्यायला आला, तर दमयंती चाकाशी बसलेली.

"आता बाय चाक पारखनार?"

काशिरामने पाचर ठोकली, टिचकी मारली आणि बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली. नाही.

"बस, काळूराम," तो पाचर उपसत म्हणाला. "ही हो म्हणेपर्यंत चाक हलायचं नाही."