डोंगरबाजारातल्या गारा

होळी झाली की आमच्या गावच्या बायका सुकी मासळी घेऊन डोंगरावर जातात. एडवणच्या बाजूने निघालेला टेम्पो पालघर, मनोर, विक्रमगड करत चढतो आणि जव्हारच्या अलीकडे एका आठवडे बाजारात थांबतो. डोंगरातली घरं पावसाळ्यासाठी बोंबील याच दिवसांत भरून ठेवतात. या चार-सहा बाजारांत माल गेला तर गेला, मग वर्षभर विचारणारं कोणी नसतं.

मागच्या वर्षी मी आईबरोबर जायला लागले. कॉलेज संपलं होतं आणि नोकरी लागली नव्हती. "घरात बसून मोबाईल बघतेस, तो वर येऊन बघ," आई म्हणाली. मला अनोळखी माणसांशी बोलता येत नाही, त्यामुळे माझं काम मालामागे बसून कुत्री हाकलायचं.

घराच्या वाटण्या नुकत्याच झाल्या होत्या. बोट मोठ्या काकांकडे गेली. आईने दुसऱ्यांच्या बोटीवरचे ओले बोंबील घेतले आणि स्वतःच्या वलांड्यांवर, म्हणजे आडव्या बांबूंवर, जोडी-जोडीने टांगून सुकवले. बाबांनी तिला सांगून ठेवलं होतं, या वर्षी माल उठला तर ठीक, नाहीतर वलांड्या मोडायच्या आणि बोईसरला कंपनीत पॅकिंगला लागायचं. आई रोज संध्याकाळी एखादा बोंबील कानाजवळ धरून मोडायची. कट्ट आवाज आला की तोंडावर काही न दाखवता पुढच्या बांबूकडे जायची.

बोईसरच्या इंग्रजी शाळेत आम्ही स्प्रिंगवर निबंध लिहायचो. फुलपाखरं, कोवळं ऊन, मंद वारा. डोंगरावर मला यातलं एकही धड सापडलं नाही. एका बाजाराला सकाळी धुकं इतकं होतं की आईला समोरचं गिऱ्हाईक दिसेना. पुढच्याला माझी चप्पल डांबराला चिकटली. त्याच्या पुढच्याला दुपारी अचानक थंड वारा सुटला आणि सागाची वाळकी पानं गोल गोल फिरत दुकानांच्या पत्र्यांवर जाऊन पडली. मोहाच्या फुलांचा गोड वास यायचा आणि जरा वेळाने त्यात ओल्या मातीचा वास मिसळायचा. जवळपास पाऊस तर कुठेच दिसत नसे. घाटात आंब्याखाली सुपारीएवढ्या कैऱ्यांचा सडा पडलेला असायचा. त्या वेचणाऱ्या बायका आमच्या टेम्पोकडे मान वर करूनसुद्धा बघायच्या नाहीत.

तिथलं ऊन बघून मी आधी फसायचे. सकाळी ते अंगावर घ्यावंसं वाटायचं. गिऱ्हाईक आलं, माल पसरला, सगळे निवांत झाले, की मगच डोंगरामागून काळं काहीतरी वर यायचं.

मोठी काकी, म्हणजे आईची थोरली जाऊ, आमच्याच टेम्पोतून यायची. बाजारातली जागा आजीच्या वेळेपासूनची, त्यामुळे वाटण्या होऊनही दोघी शेजारीशेजारी बसायच्या. काकीला मी दिसले की ती ओरडायची, "आल्या का मॅडम! इंग्लिशमधनं ओरड गो जरा, कुत्री तरी पळतील."

आजूबाजूच्या बायका हसायच्या. आईही थोडं हसायची, ते मला जास्त लागायचं.

त्या दिवशी आईचा बाजार चांगला सुरू झाला होता. दरवर्षी तिच्याकडून घेणारी एक म्हातारी येऊन बोंबील मोडून बघून गेली. "पोराला घेऊन येते, गोण भरून नेते," म्हणाली. आईने तिच्यासाठी एक भरलेली टोपली बाजूला ठेवली. तेवढ्यात वारा पडला. पानही हलेना. मग वारा उलट्या बाजूने आला आणि पहिली गार माझ्या मनगटावर बसली.

भरलेली टोपली एकटीला स्वतःच्या डोक्यावर घेता येत नाही. दुसरीने हात द्यावा लागतो. भांडण असलं, बोलणं बंद असलं, तरी आमच्याकडे हात देतातच. आणि दोघी जावा असल्या तर आधी थोरलीची टोपली. हे कोणी कोणाला शिकवत नाही. आईने मला ताडपत्री धरायला बसवलं आणि ती काकीकडे धावली. समोर शाळेचा ओटा होता, वर पत्रा. आईने उचलून दिलं, काकी ओट्यावर ठेवून परत आली. पुन्हा उचलून दिलं, पुन्हा आली. काकीची शेवटची टोपली डोक्यावर गेली तेव्हा आईचा पदर पार भिजला होता.

मग आई आमच्या टोपलीपाशी आली. डोक्यावर चुंबळ ठेवली, काठाला हात घातले आणि ओट्याकडे बघत उकिडवी बसली.

"वयनी, हात दे गो!"

"आले, आले!" काकी पत्र्याखालून म्हणाली. ती पदर पिळत होती. पिळून झाल्यावर तिने तो झटकला, खांद्यावर नीट घेतला आणि तिथेच उभी राहिली.

बाकीच्या बायका आपापल्या मालाला धावल्या होत्या. गारा आता करवंदाएवढ्या येत होत्या. ताडपत्री माझ्या हातातून ओढली जात होती. एक कडी तुटली, मग दुसरी, आणि ती उडून गटाराकडे गेली. मी आईसमोर जाऊन टोपली धरली. आम्ही ती छातीपर्यंत नेली, त्याच्या वर माझ्याने गेली नाही. शेवटी दोघींनी ती जमिनीवरून ओढत नेली. खालून गढूळ पाणी वाहत होतं. एवढं होईपर्यंत मागे राहिलेल्या टोपल्या गारा साचून पांढऱ्या झाल्या होत्या.

पाऊस आला तसा गेला. लगेच ऊन पडलं, अगदी धुतलेलं, आणि पलीकडचा डोंगर इतका स्वच्छ दिसला की काही मुलं त्याचे फोटो काढायला लागली.

म्हातारी पोराला घेऊन आली. तिने आईचा बोंबील वाकवला. तो वाकला, मोडला नाही.

"नरम झालं गं बाय."

"तिचं नको घेऊ, भिजलंय, पावसात किडं पडतील," काकी म्हणाली. "माझं बघ. कसं वाजतंय."

म्हातारी आईकडे न बघता सरकली. गोण काकीकडे भरली.

म्हातारी गेल्यावर आई म्हणाली, "वयनी, तू हात द्यायला आली नाय."

"तू बोलावलंस कवा? गारांत काय ऐकायला येतंय?"

तिचं "आले, आले" आजूबाजूच्या सगळ्यांनी ऐकलं होतं. कोणी तोंड उघडलं नाही. मला बोलायचं होतं, पण काकीच्या समोर माझे शब्द नेहमी इंग्रजीतच सुचतात.

परतताना टेम्पोत आमच्या टोपल्यांतून पाणी गळत होतं आणि बायका पाय वर घेऊन बसल्या होत्या. एक जण म्हणाली, कोंबड्यांच्या खाद्याला घेतात असला माल. आईने मान हलवली. काकीचा भाऊ बोईसरच्या कंपन्यांना कंत्राटावर बायका पुरवतो. मनोरच्या जवळ आईने काकीकडे तोंड केलं.

"वयनी, भावाला सांगशील काय? पॅकिंगला."

काकी कैरी चघळत होती, तिने ती आधी नीट संपवली.

"सांगते की. आपलंच माणूस तू. पण तिथं एसी असतो, सगळी दारं बंद. हाताला वास आला तर दुसऱ्या दिवशी घेत नायत. लिंबू चोळून जा."

बायका हसल्या. एकीने तोंडावर पदर धरला.

"बरं," आई म्हणाली. मग तिने विचारलं, "कंपनीची बस गावात येते, का नाक्यावर जायाला लागतं?"

"नाक्यावर," काकी म्हणाली. "आणि थांबत नाय हां कोणासाठी."