गोगलगायीला तीच जागा आवडते

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात एक मृत्यू झाला आणि मी तो लपवला. मृत व्यक्ती गोगलगाय होती.

ती आमची नव्हती. माझी मुलगी केतकी हिची होती. एक छोटी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी, तीत एक नारिंगी मासा, ही गोगलगाय आणि तीन कोरल, असा सगळा लवाजमा महिनाभर आमच्या हैदराबादच्या, अंबरपेठेतल्या घरी मुक्कामाला आला होता. (कोरल म्हणजे प्रवाळ. प्रवाळ अंगठीत घालतात एवढंच मला ठाऊक होतं. हे जिवंत निघालं!) केतकीला दिराच्या लग्नासाठी पुण्याला सासरी जायचं होतं. तिला पाचवा महिना लागला होता, आणि खरा प्रश्न टाकीचा नव्हता, बाळंतपणाचा होता.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे मी गृहीत धरलं होतं. केतकीने धरलं नव्हतं.

"बघू गं आई अजून," ती म्हणाली.

"बघायचं काय त्यात?"

"पुण्याच्या आई म्हणतायत, इकडेच कर. मोठं घर आहे, गच्चीवर बाग आहे. आणि खरं सांगू? तू ऐकत नाहीस. तुला एक सांगितलं की तू त्यात सुधारणा करतेस."

"मी? कधी?"

"डॉक्टरांनी बाबांना अर्धी गोळी सांगितली होती. तू पाव केलीस."

"त्यांना अर्धी लागतच नव्हती!"

"बघ," ती म्हणाली आणि टाकीकडे बोट दाखवलं. "ही महिनाभर अशीच्या अशी ठेव. मी सांगते तेवढंच करायचं, मनाचं काही नाही. मग बाळाचं बोलू."

म्हणजे परीक्षा होती. ठीक आहे. हिमायतनगरच्या एका शाळेच्या कचेरीत मी उभा जन्म काढला आहे. भांडायला आलेले पालक माझ्या टेबलासमोर आले की आपोआप रांगेत उभे राहतात. मी काय तीन दगडांना घाबरणार? सूचनाही सोप्या होत्या. दिवा वेळेवर लावायचा आणि मालवायचा. माशाला चिमूटभर खाणं. आणि टाकीतलं पाणी उन्हाने उडून कमी झालं की तेवढं फिल्टरचं पाणी वरून घालायचं, मीठ न घालता. (पाणी उडतं, मीठ उडत नाही. हे मला दोनदा समजावण्यात आलं. मी पदवीधर आहे.)

मी अगदी तेवढंच केलं. देवाशपथ, काडीची सुधारणा केली नाही!

पहिले काही दिवस सगळं झकास होतं. मग हिरव्या केसांचं जे कोरल होतं, त्याने केस आत ओढून घेतले. दुसरं होतं बटणाएवढ्या फुलांच्या गुच्छासारखं. त्याने एकेक फूल मिटायला घेतलं. तिसरं मखमली, बशीसारखं पसरट. ते गरम पाण्यात धुतलेल्या लोकरी मोज्यासारखं आटलं. आणि एका सकाळी गोगलगाय काचेवरून सुटून वाळूत उताणी पडली.

"झोपली असेल," सुधाकर म्हणाला. सुधाकर म्हणजे माझा नवरा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्याला सगळं जग झोपलेलं वाटतं.

"उताणी?"

"मीही उताणाच झोपतो."

वास घेऊन पाहिला. झोपलेली नव्हती. कढीपत्त्याच्या कुंडीत तिचे अंत्यसंस्कार उरकले आणि मी तडक कोठीचा बाजार गाठला. तिथे जब्बारभाईंचं माशांचं दुकान आहे, केतकी सगळं तिथूनच आणते.

"गर्मी है अम्मा," जब्बारभाई म्हणाले. "इन्सान परेशान हैं, वो बिचारे क्या करते? पानी ठंडा रखो."

एसी आमच्याकडे फक्त बेडरूममध्ये आहे. त्यामुळे टाकी बेडरूममध्ये गेली आणि आम्ही दोघं हॉलमध्ये कूलरसमोर आलो. कोरलने केस आणखी आत घेतले.

"तो लाइट जास्ती हो गई होगी."

दिवा कमी केला. खिडकीला सुधाकरची लुंगी टांगली. आणखी फुलं मिटली.

"तो पंप हल्लू करो अम्मा, पानी जोर से मार रहा होगा."

पंप हल्लू केला. मोजा आणखी आटला. शेवटी मी टाकीचं पाणीच बाटलीत भरून नेलं. जब्बारभाईंनी त्यात थेंब टाकले, रंग पाहिले, मीठ मोजलं आणि मान हलवली.

"सब बरोबर है. पानी एकदम फस्ट क्लास. आपके कोरल कू कोई गम है अम्मा."

(केतकीने 'मनाचं काही नको' म्हटलं होतं, हे माझ्या लक्षात होतं. पण यातलं काहीच माझ्या मनाचं नव्हतं. सगळं जब्बारभाईंच्या मनाचं होतं.)

आता संशय घरात शिरला. मी फरशीचं फिनेल बंद केलं. उदबत्ती बंद केली. डासांचं यंत्र बंद केलं. मग मला वाटलं, फोडणीचा धूर! मोहरी तडतडली की मला समोर त्या फुलांचा श्वास कोंडलेला दिसायचा. फोडणी बंद केली. सुधाकरने उकडलेला दुधी आणि बिनफोडणीचं वरण चार घास खाऊन खाली ठेवलं.

"नक्की आजारी कोण आहे आपल्यात?"

"गप्प जेव. नातवंडाचा प्रश्न आहे."

"अगं, केतकीला सांगून टाक ना सरळ."

"आणि म्हणू काय? तुझा दगड सांभाळता आला नाही, आता तुझं बाळ दे?"

मला शाळेतसुद्धा तेच दिसायला लागलं होतं, पुण्याच्या गच्चीवरच्या बागेत विहीणबाई माझ्या नातवंडाला मांडीवर घेऊन बसल्या आहेत आणि मी सुट्टी काढून पाहुणी म्हणून खेळणं घेऊन गेले आहे.

अडचण अशी होती की केतकी रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायची. "आई, टाकी दाखव." सुरुवातीला मी माशाला जवळून दाखवलं. मग "नेट गेलं गं" करून पाहिलं. पण हे किती दिवस चालणार? तेव्हा मला आठवलं की टाकी आली त्या दिवशी सुधाकरने हौसेने तिचा व्हिडिओ काढला होता. टाकी टवटवीत, केस डुलताहेत, फुलं उघडी, गोगलगाय जिवंत. मी तो व्हिडिओ टीव्हीवर लावला आणि फोन टीव्हीसमोर धरला.

आणि हे चाललं! केतकी खूश. "वा! आई, किती छान ठेवलंयस!" मी शरमेने पाणी पाणी झाले, पण फोन हलू दिला नाही.

तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळी ती म्हणाली, "आई, गोगलगाय कालही तिथेच होती."

"तिला तीच जागा आवडते."

"परवाही?"

"संथ प्राणी आहे तो, केतकी."

त्या व्हिडिओच्या शेवटी सुधाकरचा आवाज होता, 'बंद कसं करतात गं हे?' तो रोज संध्याकाळी ठरल्यावेळी यायचा. केतकी रोज हसायची. "बाबांना अजून जमत नाही?" शेजारी खरा सुधाकर रोज माझ्याकडे बघून सुस्कारा टाकायचा.

मग एका दुपारी, मी शाळेत असताना, पुण्याहून फोन आला. विहीणबाईंचा. त्या मला सहसा सणावारी फोन करतात. तोही मोजून.

"केतकी अंघोळीला गेली आहे," त्या थेट म्हणाल्या. "मी काही म्हणत नाही हो, पण सुधाकररावांकडे निळा चौकड्यांचा एकच शर्ट आहे का?"

"म्हणजे?"

"टाकीच्या काचेत रोज त्यांचं प्रतिबिंब दिसतं. रोज तोच शर्ट. रोज बाहीला तोच चहाचा डाग. टाकीचं काय झालंय, विहीणबाई?"

जगातल्या ज्या एका बाईला हे कळायला नको होतं, तिलाच कळलं! मी उठून कचेरीचं दार लावलं आणि सगळं सांगितलं. गोगलगायीपासून फोडणीपर्यंत.

"मासा कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"ठणठणीत. उलट लठ्ठ झालाय."

"गोगलगाय गेली, कोरल चाललेत, आणि मासा लठ्ठ. पाणी कुठलं घालता?"

"फिल्टरचंच. दुसरं काही नाही."

"नळीतून थेट टाकीत?"

"थेट कसं घालणार? आमच्याकडे फिल्टरचं पाणी आधी हंड्यात जातं. रात्रभर राहतं. मग सकाळी आम्ही पितो, आणि टाकीलाही तेच."

"हंडा कशाचा?"

"तांब्याचा. माझ्या सासूबाईंनी लग्नात दिलेला. टाकीतले पाहुणे आलेत म्हणून सध्या रोज चिंचेने लख्ख घासते."

पलीकडे त्यांनी कपाळावर हात मारलेला मला ऐकू आला.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "माझ्या कुंड्यांवर गोगलगायी चढतात ना, तेव्हा मी कुंडीभोवती तांब्याची पट्टी लावते. आणि कमळाच्या टाकीत शेवाळ झालं की मोरचूद. तेही तांबंच. माणसाला चालतं हो. ह्यांना नाही चालत."

"म्हणजे मी..."

"रोज थोडं थोडं. प्रेमाने."

मी धावतच कोठीला गेले. जब्बारभाईंनी 'तांबा' शब्द ऐकला आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "अम्मा! मैं सब पूछा, ये नक्को पूछा! तांबे का घडा कौन सोचता?" त्यांनी तांबं शोषून घेणारी एक पिशवी आणि कोळशाची पूड दिली, आणि रोज थोडं जुनं पाणी काढून नवीन खारं पाणी घालायला सांगितलं. प्लॅस्टिकच्या बादलीतून! सुधाकर बादल्या वाहायचा, मी मीठ मोजायची. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, लोणच्याचा कारखाना काढलाय.

केतकी यायच्या आधीच्या रविवारी हिरव्या कोरलने एक केस बाहेर काढला. एकच. आम्ही दोघं काचेला नाक लावून बसलो होतो. "आला," सुधाकर कुजबुजला, जणू मोठ्याने बोललं तर तो परत आत जाईल. त्या दिवशी मी वरणाला लसणाची फोडणी दिली, आणि दार मात्र घट्ट लावून घेतलं.

केतकी आली ती विहीणबाईंना बरोबर घेऊन. चप्पल काढून सरळ टाकीसमोर गेली. हिरव्याचे केस अर्धे आले होते, फुलं तीन-चार उघडली होती. मखमली मात्र गेलं होतं, कायमचं. ती बराच वेळ बघत राहिली. एक हात पोटावर.

"हैदराबादचा उन्हाळा म्हणजे..." विहीणबाईंनी सुरुवात केली. मला वाचवायला! त्या उपकाराचं ओझं मला पेललंच नसतं.

"उन्हाळा नाही," मी म्हणाले. "तांब्याच्या हंड्यातलं पाणी घातलं मी."

"आणि रोज दिसायची ती टाकी?"

"टीव्ही."

केतकी खाली बसली. मला वाटलं रडते आहे. खांदे हलत होते. मग कळलं, हसते आहे. "तरीच बाबांना कधी बंदच करता येईना!"

"हसू नकोस. एक गेलं आहे," मी म्हणाले. "पण मी सुधारणा एकही केली नव्हती, केतकी. सांगितलं तेच केलं."

"तेच तर, आई. तुला कळतच नाही, तुझं 'तेच' कुठे संपतं." तिने डोळे पुसले आणि आम्हा दोघींकडे पाहिलं. "बाळंतपण इथेच करू."

मी फुगले.

"पुण्याच्या आईपण येतील. तू करायचं आणि यांनी विचारायचं, कशातून घातलं, कशाने घासलं."

नातू आता चार महिन्यांचा आहे आणि विहीणबाई अजून इथेच आहेत. बाळ गुटगुटीत आहे. त्याला मी उचललं तरी चालतं, पण काय करणार आहे ते आधी मोठ्याने सांगावं लागतं. हंड्यातलं पाणी घरात सगळ्यांना बंद झालं. ते आता फक्त सुधाकरला मिळतं. लग्न झाल्यापासून तो तेच पितो आहे. परवा तो कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता, मान आत, खांदे आत, तोंडातून शब्द नाही. मी जरा जवळ जाऊन निरखून पाहिलं. लग्नात तो चांगला उमललेला होता. फोटो आहेत माझ्याकडे.