काठ कोणाच्या हातचा

जमिनीवर बसा. पाय सरळ समोर करा आणि तळवे त्या ओंडक्याला टेकवा. कमरेमागे लाकडी पट्टा घ्या आणि त्याची दोन्ही टोकं मांडीवरच्या दांड्याला बांधा. आता मागे रेललात की उभे धागे ताणले जातील आणि पुढे वाकलात की सैल पडतील. म्हणजे अर्धा माग लाकडाचा आणि अर्धा तुमच्या पाठीचा. तुम्हाला खोकला आला तरी तो विणीत उमटतो. धागा सुताचा नाही, ताडासारख्या एका झाडाच्या कोवळ्या पानाचा सोललेला आहे. तो वाळला की कडकन तुटतो, म्हणून ओला हात फिरवत राहायचं. आणि विणताना एवढं ध्यानात ठेवायचं की हे कोणी अंगावर घालणार नाही. ह्यात वारा भरणार आहे, आणि त्या वाऱ्याच्या खाली तुमचाच माणूस बसलेला असणार आहे.

आमच्या मांदार किनाऱ्यावर शिडं अशी घराघरांतून तयार होतात. हातभर रुंदीच्या लांब पट्ट्या बायका विणतात, आणि पुरुष त्या वाळूवर पसरून एकमेकींना शिवतात. एका शिडात दहा घरांच्या पट्ट्या असतात. हदाराची पट्टी मात्र कोणीही ओळखतो, कारण तिचा काठ उसवत नाही. आडवा धागा कडेला आला की ती तो शेवटच्या दोन उभ्या धाग्यांभोवती पीळ देऊन परत फिरवते. हे तिला तिच्या आईने शिकवलं आणि तिने एकाच मुलीला शिकवलं. ती म्हणजे तिमा, हदाराच्या नणंदेची लेक.

हदाराचा नवरा रामालांग पूर्वेच्या वाऱ्यावर जावाकडे गेला. त्या हंगामात गावातून दोन मोठी गलबतं गेली. एकावर रामालांग खलाशी होता, दुसऱ्याचा तांडेल होता पुआ लाजिम, म्हणजे लाजिमचा बाप. दोन्ही गलबतांची शिडं त्याच वर्षी नवी झालेली. माणूस समुद्रावर असेपर्यंत घरातला रांजण काठोकाठ भरलेला ठेवायचा असतो, तसा हदाराने ठेवला. पश्चिमेचा वारा सुटला. आसपासच्या गावांची गलबतं परतली, आपली दोन परतली नाहीत.

मग मासालेंबूच्या बेटांवरून एक होडी आली. तिकडेही आपलीच माणसं राहतात. त्यांना पाण्यात शिडाची एक पट्टी तरंगताना सापडली होती आणि मांदारची वीण बघून त्यांनी ती आणून दिली. किनाऱ्यावर सगळे जमले. पट्टी मिठाने कडक झालेली होती आणि एका टोकाला तिच्या चिंध्या झाल्या होत्या, पण काठ शाबूत होता. हदाराने ती हातात घेतली, डोळे मिटले आणि अंगठा काठावरून फिरवत नेला. नंतर ती म्हणाली, "माझाच हात आहे."

तिच्या या तीन शब्दांवर सगळं ठरलं. रामालांगच्या गलबतावर हदाराची पट्टी होती हे सगळ्यांना माहीत होतं. त्या गलबतावर ज्यांची माणसं होती त्या सगळ्या घरांतून रडणं सुरू झालं. आमच्याकडे समुद्रात गेलेल्याचं शरीर मिळालं नाही, पण त्याच्या गलबताचं काही मिळालं, तर ते पुरायची जुनी रीत आहे. इमामांना ती पसंत नाही. नमाज मी पढतो, म्हणाले, कापडाला कबर कशाला? पण म्हाताऱ्या बायकांपुढे त्यांचं चाललं नाही. पट्टी धुतली गेली, पांढऱ्या कापडात गुंडाळली गेली आणि कबरस्तानाच्या समुद्राकडच्या कोपऱ्यात पुरली गेली. हदाराने रांजण उपडा केला आणि ती इद्दतीला, म्हणजे विधवेच्या चार महिने दहा दिवसांच्या सुतकाला, बसली.

त्यानंतर पुआ लाजिमचं गलबत आलं.

येताना त्याची डोलकाठी मोडली होती. तो कांगेआन बेटावरच्या एका खाडीत लाकूड मिळवत आणि वारा बघत अडकून पडला होता. बायकोने त्याला उंबऱ्यातच थांबवलं आणि हात लावून पाहिलं, खरा आहे का म्हणून. संध्याकाळी तो पडवीत मासे आणि जेपा, म्हणजे कंदाच्या पिठाची भाकरी, खात बसला होता. गावातले लोक त्याच्याभोवती बसून त्याला दुसऱ्या गलबताचं सांगत होते. पट्टी सापडल्याचं ऐकून त्याने घास खाली ठेवला.

"मासालेंबूजवळ?" त्याने विचारलं. "अरे, मासालेंबूजवळ पट्टी तर आम्ही सोडली."

वाऱ्याच्या झोताने त्यांचं शीड फाटलं होतं. एक पट्टी सुटून आडव्या बांबूला लोंबत होती आणि खलाशांच्या तोंडावर फडाफडा आपटत होती. शेवटी त्याने सुरीने तोडून ती पाण्यात जाऊ दिली. रामालांगचं गलबत त्याने जावाच्या ग्रेसिक बंदरात पाहिलं होतं. तेव्हा ते गलबतात मडक्यांचा माल भरत होते आणि रामालांग काठावर बसून कोणाची तरी थट्टा करत होता. पुढचं त्याला ठाऊक नव्हतं.

ही बातमी हदाराच्या घरी गेली तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं आणि थोड्या वेळाने परत घेतलं. काही समजेना तेव्हा माणूस जे हातात असतं तेच करत राहतो. पुआ लाजिमच्या शिडात तिमाची पट्टी होती, आणि सुटलेली पट्टी तीच. तिमाचा काठही तसाच, कारण तो हदारानेच शिकवलेला. अंगठ्याखाली आलेला पीळ तिच्या घरचा होता एवढं खरं. पण तिच्या हातचा की तिमाच्या, हे डोळे उघडून पाहिलं असतं तर कळलं असतं. तिमा डावखुरी आहे. तिचा पीळ उलट्या बाजूला पडतो.

दुसऱ्या दिवशी हदारा इमामांकडे गेली आणि कबर उघडा म्हणाली. इमाम समजूतदार माणूस आहेत. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की मातीला दिलेलं परत काढत नाहीत.

"ती पट्टी आहे, इमामसाहेब," हदारा म्हणाली. "कापड आहे म्हणून तुम्हीच म्हणत होता. मग कापड उकरायला काय हरकत आहे? आणि ते रामालांग असेल, तर त्याचं तोंड मला धड का बघू दिलं नाहीत?"

 इमामांनी विचार करतो म्हणून सांगितलं, आणि ते अजून विचारच करत आहेत.

बाकीच्या घरांतल्या बायका तिच्यावर चिडल्या होत्या. त्यांचंही चुकलं नव्हतं. तुझ्या शब्दावर आम्ही बांगड्या उतरवल्या, आता तूच म्हणतेस माहीत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यातल्या एकीने विहिरीवर हदाराची घागर मुद्दाम मागे सारली. दुसरी मात्र तिच्या घरी येऊन हळूच विचारून गेली की मग आमचे हे असतील का गं. हदाराने तिला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. बाई रडत गेली. ती कशासाठी रडली हे हदाराला कळलं नाही आणि बहुधा तिलाही कळलं नसावं.

घरात सासू. हदाराने रांजण पुन्हा उभा केला होता, पण त्यात अर्धंच पाणी भरलं होतं. इद्दत तिने मोडली नाही आणि पाळलीही नाही. केसांना तेल लावायची, पण अंबाडा घालायची नाही. सासू दोन दिवस बघत राहिली आणि तिसऱ्या दिवशी बोलली.

"अर्धा रांजण, अर्धं तेल. अर्धी विधवा कुठे ऐकली आहेस का तू?"

"मग किंदो," हदारा म्हणाली; आमच्याकडे आईला किंदो म्हणतात. "तुम्ही सांगा. मुलगा तुमचा आहे. भरू की ओतू?"

म्हातारीने रांजणाकडे पाहिलं. मग स्वतःच उठली, एक तांब्या त्यात ओतला, आणि पुन्हा एक तांब्या काढून घेतला. "मला गुडघ्याचं दुखणं आहे," ती म्हणाली, "असले प्रश्न मला विचारू नकोस."

मी शेजारचाच, त्या वेळी तिथे दाराशी होतो. हसू आलं, पण हसलो नाही.

सरळ रस्ता एकच होता, तिमाला विचारायचा. हदाराने तिला बोलावलं. तिमा आली तीच तोंड पाडून, कारण तोवर गावात सगळ्यांनी तिला विचारून झालं होतं. हदारा तिला म्हणाली की कबर उघडो न उघडो, पट्टी धुताना ज्या बायका होत्या त्यांतल्या एकीला पीळ उजवीकडे पडलेला आठवतो. म्हणजे पट्टी तुझी नाही. म्हणजे माझी. म्हणजे रामालांग गेला. हे ती अगदी सावकाश, एकेक पायरी उतरल्यासारखी बोलली.

 तिमा म्हणाली, "मामी, तू रागावशील."

"नाही रागावणार."

"तू समोर असलीस की मी उजव्या हाताने विणायचे. डाव्या हाताने विणलं की तू ओरडायचीस, हातावर छडी मारायचीस. तू उठून गेलीस की मी परत डाव्याने. त्या पट्टीत दोन्ही पीळ आहेत."

हदारा खरंच रागावली नाही. ती उठून मागाशी गेली, उभ्या धाग्यांवर ओला हात फिरवला आणि परत येऊन बसली. मग तिने आठवायला सुरुवात केली. त्या हंगामात ती कधी समोर होती आणि कधी नव्हती? समोर असतानाचा तुकडा असेल, तर तो उजवा पीळ तिमाचाही असू शकतो, आणि मग रामालांगही असू शकतो. नारळ फोडायला गेली होती तेव्हा? नणंद आजारी होती म्हणून तिकडे राहिली तेव्हा? सापडलेला तुकडा तिमाच्या पट्टीच्या सुरुवातीचा की शेवटचा? पुआ लाजिमला विचारलं तर तो म्हणतो, वाऱ्यात कोण टोकं मोजतो, वहिनी.

तिचं विचारणं अजून संपलेलं नाही. नवं गलबत किनाऱ्याला लागलं की ती जाते, ग्रेसिकला मडकी भरणारं गलबत कोणी पाहिलं का म्हणून विचारते, आणि लोक नाही म्हणून सांगतात. मग ती घरी येते, मागावर बसते, पट्टा कमरेला लावते, आणि शेजारी बसलेल्या तिमाला पुन्हा तेच विचारते.

"तो सापडलेला तुकडा तू विणलास, तेव्हा मी घरात होते का गं?"