मोठ्या बाई आणि सोडलेल्या गाठी

महाडच्या त्या लहानशा प्रसूतिगृहात बनुबाई सकपाळांना नावाने हाक मारायची छाती फक्त त्यांच्या थोरल्या नणंदेची होती, आणि ती वर्षातून एकदाच यायची. बाकी सगळ्यांच्या त्या मोठ्या बाई. डॉक्टरीणबाईंचं शिक्षण मोठं, पगार मोठा, पण नर्सा टरकून असायच्या त्या मोठ्या बाईंना. बाई कधी ओरडत नसत. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं, असं पोरी आपसांत म्हणायच्या. चादरीचा कोपरा वाकडा दिसला की बाई त्या खाटेपाशी नुसत्या उभ्या राहायच्या, आणि पोरगी धावत येऊन कोपरा सरळ करीपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत.

त्यांचा जन्म महाडजवळच्या नाते गावालगतच्या एका वाडीतला. तेराव्या वर्षी लग्न झालं. नवरा गिरणीत कामाला म्हणून मुंबईला गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. बाईंनी एक पावसाळा रडण्यात घालवला, आणि दिवाळी सरल्यावर दवाखान्यात कपडे धुण्याचं काम धरलं. कपडे धुता धुता त्यांनी बाळंतपणं पाहिली, पाहता पाहता शिकल्या, मग रीतसर परीक्षा देऊन नर्स झाल्या. अठ्ठावन्न साली, वयाच्या पंचेचाळिशीत, आठ खाटांचा वॉर्ड आणि तीन नर्सा त्यांच्या हाताखाली होत्या. नवऱ्याने हे ऐकलं असतं तर त्याचा विश्वास बसला नसता, पण त्याला विचारतो कोण.

त्या वर्षी पौषात कडाक्याची थंडी पडली होती. तिघींपैकी एक नर्स रजेवर, डॉक्टरीणबाई पोलादपूरला तपासणीसाठी गेलेल्या, त्या संध्याकाळच्या गाडीने परतणार. वॉर्डात उरल्या दोघी. एक रंगूबाई, ज्या आधी वीस वर्षं गावात सुईणपण करून मग इथे आल्या होत्या आणि बाईंपेक्षा वयाने मोठ्या होत्या. दुसरी बया, पोलादपूरच्या वरच्या डोंगरवाडीतली विशीतली पोरगी, शिकून येऊन जेमतेम तीन महिने झालेली. बया कामाला चपळ होती, आणि मोठ्या बाईंसमोर तिच्या तोंडून शब्द फुटत नसे.

सकाळी आठला नाते गावची एक बाई बाळंत झाली. ते बाळंतपण बाईंनी स्वतः केलं. नऊला दासगावची एक बाळंत झाली, तिचं रंगूबाईंनी केलं. दोन्ही मुलगे. दोघींना आपापल्या पोराचं एकेकदा तोंड दाखवलं आणि त्या थकून झोपल्या. वॉर्डाचा नियम असा, की पोर जन्मलं की लगेच मनगटाला कापडी पट्टी, पट्टीवर खाटेचा नंबर, आणि गाठ दुहेरी. दोघांना पट्ट्या बांधल्या आणि थंडी म्हणून शेगडीजवळच्या एकाच लाकडी पाळण्यात शेजारी शेजारी निजवलं.

दहा वाजता उमरठहून बैलगाडी आली. गाडीत आदल्या दुपारपासून अडलेली बाई. बाईंनी तपासलं. पोराचं डोकं खाली होतं, पण तोंड भलत्या बाजूला वळलेलं. बाईंनी रंगूबाईंना आत घेतलं आणि बयेला सांगितलं, "तू बाहेरचं सगळं बघ. मला हाक मारायची नाही." अडलेल्या बाईला कुशीवर निजवून, पाठ चोळत, धीर देत दोघी बसून राहिल्या. घाई करून चालण्यासारखं नव्हतं.

बाहेर ओसरीवर त्या बाईची सासू होती. म्हातारीने बयेचा हात धरला. "गो बाय, आतल्या गाठी सोड. बाई अडली हाय. आमी घरच्या सगळ्या सोडून आलो, इथल्या कोण सोडनार?"

गाठ सुटली की बाई सुटते, ही रीत बयेला कोणी शिकवायला नको होती. तिच्या वाडीत बाई अडली की दाव्याची गुरं मोकळी करतात, पेट्यांची झाकणं उघडतात, बायका केस सोडून बसतात. शिकलेली असली तरी बया त्याच वाडीची. आतून ते कण्हणं ऐकू येत होतं. तिने आपला अंबाडा सोडला. पडद्यांच्या नाड्या सोडल्या, औषधांच्या गाठोड्याची गाठ सोडली. आणि वॉर्डात कुठेही गाठ राहू नये म्हणून त्या दोन पोरांच्या मनगटावरच्या पट्ट्याही सोडल्या. ज्याची पट्टी त्याच्या उशाखाली ठेवली. बाई सुटली की लगेच बांधीन, असा तिचा हिशोब.

तेवढ्यात दोन्ही पोरांनी दुपटी ओली केली. दवाखान्यातली कामाची आया आली, तिने दोघांना उचललं, अंथरूण झटकलं, कोरडं घातलं आणि पोरं परत ठेवली. पट्ट्या जमिनीवर पडल्या. बया आली तेव्हा पाळण्यात दोन पोरं होती, लालबुंद, डोळे मिटलेली, आणि कुठलं कुणाचं ते आयेलाही सांगता येईना.

बाराच्या सुमारास उमरठची बाई सुटली. मुलगी झाली, रडली, लाल झाली आणि आईच्या कुशीत गप्प पडली. बाईंनी हात धुतले. कंबर मोडून आली होती, पण जीव हलका झाला होता. अशा वेळी त्यांना कोणीही काही मागावं आणि त्यांनी द्यावं, अशी त्यांची गत असे. त्या बाहेर आल्या तर दारातच बया उभी, केस मोकळे, तोंड पांढरंफटक.

"सुटली ना बाई?"

"सुटली. केस का सोडलेस?"

बयेने सगळं सांगितलं. अडखळत सांगितलं, पण लपवलं काही नाही. पट्ट्या हातात धरलेल्याच होत्या.

बाईंनी त्या पट्ट्या आपल्या हातात घेतल्या. डोंगरातल्या बायका दवाखान्याला आधीच भितात. पोरं बदलली अशी कुजबुज उठली तर पुढच्या वर्षी अडलेली बाई मरेल पण महाडला येणार नाही. पण ती नंतरची गोष्ट. आत्ताची गोष्ट अशी, की दोन बाळंतिणी झोपल्या होत्या आणि उठल्या की आपापलं पोर मागणार होत्या. चूक झाली तर जन्मभराची.

वॉर्डात गेल्या तर आणखी एक भानगड. दासगावच्या बाळंतिणीची सासू साळूबाई पाळण्यापाशी येऊन एक पोर मांडीवर घेऊन बसली होती. "नाक बघा बाई," ती म्हणाली, "हुबेहूब आमच्या लेकाचं, कोंडाजीचं. अगदी उचलून ठेवलंय."

 बाईंनी पाळण्यातल्या पोराचं दुपटं सोडलं, नाळ पाहिली. मग "नाळ ओली हाय का बघते," असं म्हणत साळूबाईच्या मांडीवरच्या पोराची पाहिली. बोलणं वाडीतल्यासारखं झालं, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. त्यांनी रंगूबाईंना बोलावलं.

बाई नाळ दोन बोटं ठेवून कापायच्या आणि दोरा दोनदा बांधायच्या, शिकवलं होतं तसं. रंगूबाई गावातल्या सवयीने चार बोटं ठेवायच्या आणि तीनदा बांधायच्या. त्यावरून दोघींचं महिन्यातून एकदा तरी वाजायचं.

"तुमची कुठली?" बाईंनी हळूच विचारलं.

रंगूबाई वाकल्या. पाळण्यातल्या पोराकडे बोट करून म्हणाल्या, "ही माझी. माझ्या हातची गाठ मी काळोखात वळखीन."

म्हणजे दासगावचं पोर पाळण्यात, आणि साळूबाईच्या मांडीवर नात्याचं. बाईंनी वही उघडून वजनं पाहिली, दोघांना काट्यात घातलं. वहीतल्यासारखंच नात्याचं अर्ध्या पौंडाने जास्त भरलं. दोन्ही गोष्टी जुळल्या, तेव्हा कुठे बाईंनी श्वास सोडला.

आता पोरं गुपचूप बदलता आली असती. आंघोळ घालते म्हणून आत न्यायची आणि बदलून आणायची. रंगूबाईंनी डोळ्यांनी तेच सुचवलं. बाईंच्याही मनात ते येऊन गेलं, नाही असं नाही. पण नात्याची बाई उठून पोर पाजायला घेईल आणि आपण हे लपवून तिच्यासमोर रोज उभ्या राहू, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं. दासगावची अजून झोपेत होती. नात्याची उठली तशी तिच्या खाटेपाशी साळूबाईलाही नेऊन बाईंनी दोघींना सगळं सांगितलं. पट्ट्या कोणी सोडल्या ते विचारल्यावर म्हणाल्या, "माझ्या वॉर्डात झालं. पट्टी कशासाठी, ते मी पोरींना नीट सांगितलं नव्हतं. नुसतं बांधा म्हटलं."

नात्याच्या बाईने पोर ओढून पोटाशी धरलं आणि त्याला हुंगत राहिली. तिला बाकी काही ऐकायचं नव्हतं.

साळूबाईने मात्र दुसऱ्या पोराकडे बराच वेळ पाहिलं. "नाक तं ह्याचंच आमच्यासारखं हाय," ती म्हणाली. मग बयेच्या मोकळ्या केसांकडे नजर गेली. "तूच सोडल्यास ना गो?"

बयेने मान हलवली. आता शिव्या येणार म्हणून बाई पुढे झाल्या.

"माझी पयली सून अडली तवा आमी बी सोडल्या," साळूबाई म्हणाली. "घरच्या सोडल्या, शेजारच्या सोडल्या, गुरं मोकळी केली. सगळा गाव केस सोडून बसला. ती गेलीच. पोर बी गेलं. म्हणून हिला हितं आनली." तिने पदराने नाक पुसलं. "हितं बी कुनी खोटं बोललं असतं, तं मंग आमी जायाचं कुठं?"

बाईंना एकदम भरून आलं. भर वॉर्डात, नर्सांसमोर, मोठ्या बाई रडल्या. रंगूबाई दुसरीकडे बघत राहिल्या, आणि पोरींनी ही गोष्ट पुढे अनेक वर्षं एकमेकींना सांगितली.

डोळे पुसून बाई खणातून सुई-दोरा घेऊन आल्या आणि बयेच्या हातात दिला. "आजपासून पट्टीला गाठ मारायची नाही. टाके घालायचे. म्हणजे बाई अडली तर बाकीच्या गाठी खुशाल सोडा, पट्टी जागेवर राहील. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना मी सांगते. तू उद्या सकाळी सातला नेहमीसारखी कामावर ये."

बयेला सुईत दोरा ओवता येईना. साळूबाईने तो ओवून दिला. मग नातवाची इवलीशी मूठ उघडून तिने मनगट बयेपुढे धरलं.

"घाल टाका," ती म्हणाली. "नीट घाल, गो. टोचू नको त्याला."