पहिला पेला

मी मुळात भित्री. नगरसेविका झाले म्हणून त्यात काही फरक पडला नाही, उलट घाबरायला नवे नवे विषय मिळाले. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, घरातल्यांनी माझं नाव पुढे केलं आणि शिवणाचे क्लास घेणारी मी निवडून आले. गटार तुंबलं, दिवा गेला, कुत्री वाढली, की लोक फोन करून चिडायचे. पाणी चुकलं की मात्र थेट दारात यायचे. त्या दारात येण्याची मला फार भीती वाटायची. बेल वाजली की आधी खिडकीचा पडदा बाजूला करून बघायचे, कितीजण आहेत ते.

आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी येतं. कोल्हारच्या पुलावरून जाताना प्रवरा नदी बघायची आणि घरी येऊन पिंपात वाकून बघायचं, किती उरलंय. पाण्याच्या दिवशी वॉर्डातलं कुणी लग्नालासुद्धा जात नाही. हंडे, कळश्या, बादल्या भरतात, मग पातेली, शेवटी कुकर. सांडलेलं पाणी कुणी पुसून टाकत नाही, फडक्याने टिपून झाडाला पिळतात.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात चर्चच्या कोपऱ्यावर, जिथे पाइप गटाराखालून जातो, तिथे गळती लागली. खणून नवा जोड टाकला. अशा दुरुस्तीनंतर पहिलं पाणी घरात घ्यायचं नसतं. पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला एक कॉक असतो, तो उघडून निदान पाऊण तास पाणी गटारात सोडून देतात, म्हणजे आत शिरलेली घाण धुऊन निघते. हे काम आमच्या व्हॉल्व्हमनचं. निवृत्तीला आलेले, लोखंडी लांब चावी खांद्यावर टाकून फिरणारे. सगळा वॉर्ड त्यांना काका म्हणतो.

त्या दिवशी सकाळी काकांनी कॉक उघडला आणि दहाच मिनिटांत माझा फोन वाजायला लागला. वॉर्डाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला होता: गटारातून जाणारं पाणी, आणि खाली लिहिलेलं, नगरसेविका झोपल्या का. मी पोळपाटावरची पोळी तशीच टाकून निघाले. कोपऱ्यावर वीस-पंचवीस बाया जमल्या होत्या. व्हिडिओ काढणारी सगळ्यात पुढे होती.

"आमी हंडे मांडून बसलो अन् तुमी गटाराला पाजताय व्हय?" ती म्हणाली.

मी काकांकडे वळले. ते म्हणाले, "ताई, आत्ताशी धा मिन्टं झाली. जोड नवा हाय. अर्धा तास तरी जाऊ द्या."

"अर्धा तास? डोळ्यादेखत?" मागून कुणीतरी ओरडलं.

मी कॉकखाली ओंजळीत पाणी धरून बघितलं. स्वच्छ दिसत होतं. खरं सांगायचं तर मी पाणी बघतच नव्हते, बायांचे चेहरे बघत होते. म्हटलं, "काका, बंद करा कॉक. घरात सोडा."

"ताई, पन..."

"मी सांगतेय ना."

काकांनी चावी लावली. गटारातली धार थांबली आणि बायांनी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

त्याच आनंदात मी बाईंना फोन लावला. चर्चमागच्या गल्लीत, पाइपलाइनच्या अगदी शेवटच्या घरात, माझ्या शाळेतल्या बाई राहतात. पंचाहत्तरी गाठलेली, यजमान गेलेले, मूलबाळ नाही, एक भाचा आहे तो पुण्यात. चौथीत त्यांनीच माझ्याकडून पाढे घोटून घेतले होते. गुडघ्यांमुळे त्यांना सारखं उठून नळ बघता येत नाही, म्हणून पाणी आलं की मी फोन करते.

"बाई, पाणी आलं. आज मीच लवकर सोडायला लावलं. भरून घ्या."

"शाबास," बाई म्हणाल्या.

पाइपमधली घाण वाहत वाहत शेवटाला येते, आणि शेवटचं घर बाईंचं. हे मला शिकवायला कुणी इंजिनिअर लागत नव्हता. पण तेव्हा ते डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या शेजारच्या मुलीला उलट्या सुरू झाल्या. मी म्हटलं, ऊन लागलं असेल. मग समोरच्या आजोबांना जुलाब. मी म्हटलं, आमरस जास्त झाला असेल. तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी काकांचा फोन आला. ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, सात घरात लागन झाली. आपलंच पानी बाधलं."

मी बाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. परत तेच.

मी पळत निघाले. चर्चमधली उपासना नुकतीच सुटली होती, पांढऱ्या साड्यांतल्या बायका पुस्तकं हातात घेऊन घरी चालल्या होत्या. बाईंच्या शेजारणीने मला बघून विचारलं, "आज बाई उपासनेला दिसल्या नाहीत गं. बरं नाही का?" मला आठवतं तेव्हापासून बाईंनी रविवार चुकवलेला नव्हता. मी उत्तर न देता पुढे पळाले.

दाराला आतून कडी होती. "बाई!" मी हाका मारल्या, दार बडवलं. आत काहीच हललं नाही. माझ्या मनात एकच वाक्य फिरत होतं: शाबास म्हणाल्या होत्या. तेवढ्यात काका सायकल टाकून आले. त्यांनी खांद्यावरची चावी दाराच्या फटीत घातली आणि अंगाचा भार टाकला. कडी निखळली.

बाई मोरीच्या उंबऱ्यात आडव्या पडल्या होत्या. साडी ओली, ओठ पांढरे, डोळे खोल गेलेले. मी हात लावला तर हात गार. मला वाटलं संपलं. माझ्यामुळे संपलं. मग त्यांचे ओठ हलले आणि मी कान जवळ नेला.

"चप्पल," बाई म्हणाल्या.

मी त्यांच्या पुसलेल्या फरशीवर चपलांसकट उभी होते. चपला काढल्या आणि तिथेच हुंदका फुटला. बाईंना उचलताना ओट्याकडे लक्ष गेलं. तांब्याची कळशी, वर ताटली, ताटलीवर पेला उपडा घातलेला. कळशी अर्धी झाली होती.

सरकारी दवाखान्यात दोन्ही हातांना सलाईन लावलं, लघवीसाठी नळी घातली. डॉक्टर तरुण मुलगी होती. ती म्हणाली, "शरीरातलं पाणी फार कमी झालंय. संध्याकाळपर्यंत लघवी आली नाही तर किडनीवर गेलं समजायचं. मग नगरला हलवावं लागेल. वय बघता तिथवर नेणंही सोपं नाही." पलंगाखाली प्लॅस्टिकची पिशवी लटकत होती, कोरडी ठक्क. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा वाजले होते.

मी त्या पिशवीकडे बघत बसले आणि मला बाकीच्या कळश्या दिसायला लागल्या. तेच पाणी अजून घराघरात भरून ठेवलेलं होतं. पुढचं पाणी यायला दोन दिवस होते, तोवर सगळे तेच पिणार होते. बाईंजवळ काकांना बसवून मी टँकर मागवला, घंटागाडी बोलावली आणि ड्रायव्हरशेजारी बसून माइक हातात घेतला. ओला कचरा सुका कचरा हे गाणं बंद केल्यावर स्पीकरमधून माझा श्वासच आधी सगळ्या गल्लीला ऐकू गेला.

"मी तुमची नगरसेविका बोलतेय. परवाचं पाणी पिऊ नका. ओतून द्या. लाइन धुतली जात होती, ती मी मध्येच बंद करायला लावली. चूक माझी आहे. टँकर येतोय."

बाया दारात आल्या. व्हिडिओवाली गाडीला आडवी झाली. मला वाटलं आता ही माझ्या अंगावर येणार, मी काच वर करायला हातसुद्धा नेला होता. ती म्हणाली, "तुमीच तर भरा म्हनल्या."

"हो," मी म्हटलं.

ती आत गेली, हंडा कमरेवर घेऊन आली आणि माझ्यासमोर गटारात उपडा केला. तिचं बघून शेजारणीने केला, मग पलीकडच्या घराने. भरलेली पिंपं ओढून आणली. परवा मी वाचवलेलं पाणी दुपारच्या उन्हात त्याच गटारातून वाहत गेलं. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

दवाखान्यात परत आले तेव्हा चार वाजले होते. काकांनी नुसती मान हलवली. पिशवी कोरडीच होती. मी फरशीवर गुडघे टेकून तिच्याकडे बघत राहिले. शेजारच्या पलंगावरच्या बाईला वाटलं मी प्रार्थना करतेय. करतच होते. बाईंच्या देवाला, माझ्या देवीला, जो ऐकेल त्याला. साडेचार झाले, पाच झाले. डॉक्टर दोनदा येऊन वाकून बघून गेली, दुसऱ्यांदा तिने रुग्णवाहिकेची चौकशी केली. साडेपाचच्या सुमारास नळीत काहीतरी हललं. चहासारखी काळपट पिवळी धार, अगदी बारीक, पिशवीच्या तळाला येऊन टेकली. मी काकांचा हात धरून ओरडले, "आली!" दवाखान्यातल्या आख्ख्या वॉर्डाने वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी बाई बोलायला लागल्या. मी रात्रभर जुळवलेलं वाक्य म्हणायला घेतलं, "बाई, ते पाणी मीच..."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "टाळ्याही वाजल्या म्हणे." आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

सगळ्या घरातले हळूहळू बरे झाले, बाईही सहाव्या दिवशी घरी आल्या. माझी भीती मात्र घरी गेली नाही. दार वाजलं की धस्स, फोन वाजला की धस्स, कुणी पोट धरून चालताना दिसलं की धस्स.

बाई आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी पाण्याची पाळी होती. मधली पाळी टँकरवर काढून लाइन औषध टाकून धुतली होती, पाणी तपासून आणलं होतं, पिण्यास योग्य असा कागद माझ्या पर्समध्ये होता. तरी काकांनी सव्वा तास कॉक उघडा ठेवला. मी गटाराच्या कडेला उभी राहिले, बाया आपापल्या दारात. कुणी मोबाईल काढला नाही. मग काकांनी चावी फिरवली आणि मी बाईंच्या दाराशी गेले. चप्पल बाहेर काढली.

बाई भिंतीला धरून नळापाशी आल्या. कळशी खाली ठेवली, पेला विसळला, भरला आणि उजेडात धरून बघितला. त्या तो तोंडाला लावतील म्हणून माझा हात आपोआप पुढे गेला, धरायला. त्यांनी पेला माझ्या त्याच हातात दिला.

"आधी तू पी."

कागद पर्समध्ये होता. तरी पेला दातांवर वाजला. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. पाढे म्हणताना बघायच्या तशा बाई माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी नळ बंद केला, उंबऱ्यात खुर्ची ओढून बसल्या आणि समोरच्या पायरीकडे बोट दाखवलं.

"आता अर्धा तास बस इथे."

"बाई, तोवर पाणी जाईल हो."

"जाऊ दे," बाई म्हणाल्या.

मी पायरीवर बसले. रिकामी कळशी आमच्या दोघींच्या मध्ये होती.